शटर खाली असताना खर्च कोण भरतो? धंदा बंद पडण्याचा विमा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी सांगलीत छोट्या दुकानदारांचे आणि कारखानदारांचे हिशेब लिहितो, जीएसटी रिटर्न भरतो. विमा विकत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली (धोक्याची पातळी ४५ फूट), आणि त्यानंतर कित्येक महिने माझ्या टेबलावर क्लेमच्या फायलींशिवाय दुसरं काही नव्हतं. तेव्हा आणि नंतरही लोकांनी जे पुन्हा पुन्हा विचारलं, ते इथे लिहून ठेवलं आहे.

माझ्या दुकानाचा विमा आहे. दुकान बंद राहिल्याचे पैसे त्यातच मिळतात ना?

बहुतेक वेळा नाही. तुमच्याकडे असते ती आगीची पॉलिसी. जुनी माणसं तिला अजून ‘फायर’च म्हणतात, जरी तिच्यात पूर, वादळ, भूकंप, दंगल हेही येत असलं तरी. ती भिजलेला माल, फुगलेलं फर्निचर, पडलेली भिंत यांचे पैसे देते. मालाचे पैसेही खरेदीच्या भावाने. साडी ८०० ला आणली आणि १,२०० ला विकणार होतात, तर हिशेब ८०० चा. वरचे ४०० नफ्याचे, आणि नफा हा त्या पॉलिसीचा विषयच नाही.

दुकान दोन महिने बंद राहिलं तर गाळ्याचं भाडं, दोन मुलांचा पगार, बँकेचा हप्ता, विजेचा स्थिर आकार हे सगळं चालूच असतं. गल्ल्यात मात्र काही येत नाही. ही जी खिंडार पडते, तिच्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो.

त्या विम्याला म्हणतात काय? एजंटला नेमकं काय मागू?

‘लॉस ऑफ प्रॉफिट’ मागा. कागदावर ‘कॉन्सिक्वेन्शियल लॉस’ किंवा ‘बिझनेस इंटरप्शन’ असंही लिहिलेलं दिसेल. गोष्ट एकच. छोट्या दुकानदारांच्या पॅकेज पॉलिसीत कधी कधी तो एक जादा विभाग म्हणून असतो, पण आपोआप चालू नसतो. त्याच्यापुढे रक्कम लिहिलेली आहे की आडवी रेघ मारलेली आहे ते बघा. मी पाहिलेल्या दहातल्या आठ-नऊ पॉलिसींवर रेघ होती.

मोठी अट एकच. आधी मालमत्तेचं नुकसान झालं पाहिजे, ते विम्यात बसणाऱ्या कारणाने झालं पाहिजे, आणि तो मालमत्तेचा क्लेम कंपनीने मान्य केला पाहिजे. मगच नफ्याच्या क्लेमचं दार उघडतं. म्हणजे हा विमा एकटा उभा राहत नाही, तो आगीच्या पॉलिसीच्या खांद्यावर बसलेला असतो. खालचा कोसळला की वरचाही कोसळतो.

पैसे किती मिळतात? एकदा आकड्यांत सांगा.

सांगतो. आकडे माझे, पण रीत खरी आहे. सावकाश वाचा.

समजा कापडाचं दुकान आहे. वर्षाची विक्री ९६ लाख. माल खरेदी, पिशव्या, हमाली असे विक्रीबरोबर कमी-जास्त होणारे खर्च ७२ लाख. उरले २४ लाख. विम्याच्या भाषेत हा ढोबळ नफा, म्हणजे विक्रीच्या २५ टक्के. यातले १५ लाख भाडं, पगार, व्याज यांत जातात आणि ९ लाख तुमच्या घरी येतात. विमा काढायचा तो २४ लाखांचा, ९ लाखांचा नव्हे. इथेच सगळे चुकतात. ‘नफ्याचा विमा’ म्हटलं की इन्कम टॅक्सला दाखवलेला नफा सांगून मोकळे होतात.

आता ऑगस्टमध्ये पाणी शिरलं. आदल्या वर्षी ऑगस्ट ते नोव्हेंबरची विक्री ८, ८, १४ आणि १० लाख, एकूण ४० लाख (गणपती, दसरा, दिवाळी यातच येतात). यंदा दोन महिने शून्य, मग ७ आणि ५, एकूण १२ लाख. तूट २८ लाखांची. तिचे २५ टक्के म्हणजे ७ लाख. मधल्या काळात वरच्या रस्त्याला एक गाळा भाड्याने घेऊन दिवाळीचा माल विकलात, त्याला ६० हजार लागले. या खर्चामुळे विक्रीची तूट कमी झाली, म्हणून तो मिळवायचा. बंद काळात वीज आणि एका माणसाचा पगार मिळून ४० हजार वाचले, ते वजा. क्लेम झाला ७ लाख २० हजारांचा. पॉलिसीत पहिले काही दिवस स्वतः सोसायची अट असेल तर त्यातून तेवढं आणखी कमी होईल.

स्थिर खर्चांपैकी कोणते विम्यात धरले आहेत, याची यादी काही पॉलिसींत द्यावी लागते. व्याज लिहायचं राहिलं तर व्याज मिळत नाही.

प्रीमियम वाचवायला रक्कम थोडी कमी लिहिली तर?

वरच्याच दुकानदाराने २४ लाखांऐवजी १२ लाखांचा विमा काढला असता, तर कंपनी म्हणणार : निम्माच विमा घेतलात, निम्मी जोखीम तुमची. ७ लाख २० हजारांचे ३ लाख ६० हजार झाले. ‘पण माझा क्लेम तर १२ लाखांच्या आतच आहे’ हा युक्तिवाद चालत नाही. याला सरासरीचं कलम म्हणतात आणि ते मालाच्या विम्यालाही लागतं.

किती महिन्यांची तूट भरून मिळेल असा विमा घेऊ?

दुकान कधी उघडेल याचा विचार करू नका, विक्री पूर्वपदावर कधी येईल याचा करा. शटर तीन आठवड्यांत वर जाईल, पण ओल भिंतीतून जायला, रंग व्हायला, व्यापाऱ्याने पुन्हा उधारीवर माल द्यायला आणि गेलेलं गिऱ्हाईक परत यायला वेळ लागतो. विशेषतः गिऱ्हाईक. महिनाभर दुसऱ्याकडे वाणसामान भरलं की तिथलीच सवय लागते. किराणा-कापडाला मी निदान सहा महिने सांगतो. ज्यांची यंत्रं बाहेरून मागवावी लागतात त्यांनी बारा महिन्यांचा घ्यावा.

ही ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ काय आहे? त्यात हे येतं का?

विमा नियामक आयआरडीएआयने १ एप्रिल २०२१ पासून छोट्या धंद्यांसाठी सगळ्या कंपन्यांना एकसारख्या पॉलिसी द्यायला लावल्या. एका जागेवरची इमारत, माल, यंत्रं मिळून किंमत ५ कोटींपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’, ५ ते ५० कोटींच्या मध्ये असेल तर ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. मला ती बरी वाटते. पूर-भूकंप आतच आहेत, नंतर वाढवलेल्या बांधकामाला ठरावीक मर्यादेपर्यंत संरक्षण आहे, आणि रक्कम १५ टक्क्यांपर्यंत कमी पडली तर सरासरीचं कलम लावत नाहीत. पूर-भूकंपासारख्या घटनेनंतर सात दिवसांत झालेली चोरीही धरतात. पाणी ओसरल्यावर उघड्या शटरमधून काय काय जातं हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यातली गंमत कळेल.

पण ही मालमत्तेचीच पॉलिसी. नफ्याचं संरक्षण वेगळं मागून, वेगळा प्रीमियम भरून जोडावं लागतं.

लॉकडाऊनमध्ये तर सगळ्यांचाच धंदा बंद होता. तेव्हा कुणाला काही मिळालं का?

आपल्याकडच्या साध्या पॉलिसींवर नाही. २५ मार्च २०२० ला देश बंद झाला तेव्हा दुकानं जशीच्या तशी उभी होती. काही जळलं नाही, काही भिजलं नाही. मालमत्तेचं नुकसान नाही, म्हणून नफ्याचाही क्लेम नाही. इंग्लंडमध्ये साथरोगाचं किंवा सरकारी मनाईचं वेगळं कलम असलेल्या पॉलिसी होत्या. तिथे प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १५ जानेवारी २०२१ ला निकाल बराचसा विमेदारांच्या बाजूने लागला. फरक कलमाच्या शब्दांचा होता. आपल्या पॉलिसीत ते शब्दच नव्हते.

पाणी माझ्या दुकानात आलं नाही, पण रस्ता आठ दिवस बंद होता. किंवा वीज नव्हती.

साध्या लॉस ऑफ प्रॉफिटमध्ये बसत नाही, कारण तुमचं काही भिजलं नाही. त्यासाठी जादा कलमं असतात : दुकानापर्यंत पोचता न येणं, वीज-पाणीपुरवठा तुटणं, माल पुरवणाऱ्याकडे किंवा मुख्य गिऱ्हाइकाकडे दुर्घटना होणं. ज्याचा निम्म्याहून जास्त माल एकाच कारखान्याला जातो, त्याने शेवटचं कलम जरूर विचारावं. इचलकरंजीत सायझिंगवाल्याकडे (सुताला खळ लावून देणाऱ्याकडे) पाणी शिरलं की बीम (त्या सुताचे रूळ) येत नाहीत आणि कोरडा असलेला लूमवालाही बसून राहतो. त्याचा धंदा दुसऱ्याच्या छपराखाली बुडतो.

कॉम्प्रेसर जळाला, आइस्क्रीमचा कारखाना दहा दिवस बंद. हे आगीत येतं का?

नाही. यंत्र आतून बिघडलं तर त्याला ‘मशिनरी ब्रेकडाऊन’ पॉलिसी, त्यामुळे बुडालेल्या नफ्याला तिच्यावर बसणारी वेगळी लॉस ऑफ प्रॉफिट, आणि वितळलेल्या मालाला आणखी वेगळं कलम. तिन्हींचा प्रीमियम एकत्र पाहिला की छातीत धस्स होतं. शीतगृहवाल्यांनी घ्यावं. बाकीच्यांनी आधी एक जादा कॉम्प्रेसर परवडतो का ते बघावं.

विमा बँकेनेच काढलाय, हप्त्यातून कापून घेतात. मला काही बघायची गरज आहे का?

सगळ्यात जास्त गरज तुम्हालाच आहे. बँक विमा काढते ती तिचं कर्ज बुडू नये म्हणून. तुमच्या भाड्या-पगाराशी तिला देणंघेणं नाही, म्हणून नफ्याचं कलम त्यात जवळजवळ कधीच नसतं. माझ्या एका गिऱ्हाइकाची पॉलिसी अशीच बँकेत पडून होती. पुरानंतर काढून पाहिली तर तिच्यावर जुन्या गोडाऊनचा पत्ता. माल तीन वर्षांपूर्वीच नदीकडच्या नव्या जागेत गेला होता. प्रीमियम दर वर्षी न चुकता कापला जात होता, विमा मात्र रिकाम्या खोलीचा होता.

पॉलिसीची प्रत मागा. पत्ता, मालाचा प्रकार, रक्कम, एवढ्या तीन गोष्टी वाचायला पाच मिनिटं लागत नाहीत.

खरं सांगू का, सगळा धंदा बिलावर नाही. थोडा कच्च्यात आहे.

हे दार बंद करूनच विचारलं जातं. उत्तरही सरळ आहे : जे वहीत नाही ते विम्यात नाही. विक्रीची तूट मोजताना सर्व्हेअर (नुकसान मोजायला कंपनीने नेमलेला माणूस) आधी जीएसटी रिटर्न काढतो, मग ताळेबंद, मग बँकेचं स्टेटमेंट. कच्च्यातली विक्री कुठेच नसते, म्हणून तिची तूटही नसते.

याची उलटी बाजू जास्त दुखते. सीसी लिमिट (मालाच्या तारणावर बँक देते ती उचल) टिकावं म्हणून बँकेला दर महिन्याला जे स्टॉक स्टेटमेंट जातं त्यात माल फुगवलेला. जीएसटीत आणि वहीत तोच माल कमी. आणि दुकानात प्रत्यक्ष तिसराच आकडा. पूर येतो तेव्हा हे तिन्ही कागद एकाच माणसाच्या हातात एकाच वेळी येतात. एक सर्व्हेअर माझ्यासमोर तिन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून फक्त म्हणाला, ‘यातला कुठला खरा समजू?’ दुकानदार खाली बघत बसला. मीसुद्धा. त्यातले दोन कागद माझ्याच ऑफिसातून गेले होते.

पाणी ओसरलं. पहिल्यांदा काय करू?

कंपनीला कळवा. त्याच दिवशी, फोनवर आणि ईमेलवर किंवा व्हॉट्सअॅपवर, म्हणजे वेळ नोंदली जाईल. मग फोटो. भिंतीवरच्या पाण्याच्या रेघेचा फोटो शेजारी मोजायची टेप धरून काढा. दुकानाच्या पाटीसह बाहेरून, मग प्रत्येक मांडणी वरून खालपर्यंत.

सफाईची घाई समजते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, त्यानंतर चिखल आणि माल एकत्रच रस्त्यावर ढकलावा लागला. कुजायला लागलेलं धान्य कोण ठेवणार? पण टाकण्याआधी मोजणी लिहा, फोटो काढा, सर्व्हेअरला फोन करून ‘टाकू का’ विचारा आणि तो निरोप जपून ठेवा. थोडा नमुना बाजूला काढा.

भिजलेला माल म्हणजे शून्य किमतीचा माल, असं कंपनी धरत नाही. हरभट रोडला एका कपड्याच्या दुकानात सर्व्हेअरने साड्यांचा गठ्ठा मधून उघडला. खालच्या अकरा साड्या चिखलाने कडक झालेल्या, वरच्या सात कोरड्या, फक्त वास मारणाऱ्या. त्याने सातांची वेगळी किंमत धरली. मालक म्हणाला, वासाची साडी लग्नाला कोण नेसेल? तासभर घासाघीस झाली आणि त्या सात साड्या निम्म्या भावावर तुटल्या. तेव्हा माल वेगळा करताना तुम्ही स्वतः हजर राहा.

आणि नफ्याच्या क्लेमसाठी त्याच दिवसापासून एक साधी वही घाला. कोणत्या तारखेला वीज आली, कधी रंगारी आला, कोणतं गिऱ्हाईक परत गेलं, तात्पुरत्या गाळ्याला किती दिले. सहा महिन्यांनी हे आठवत नाही.

हिशेबाच्या वह्याच वाहून गेल्या. आता?

आमच्या गच्चीवर २०१९ मध्ये रोजकीर्दी वाळत होत्या, पानांवर दगड ठेवून. निळी शाई सगळ्या पानभर पसरलेली. त्यातून जेमतेम दोन महिने वाचता आले. बाकीचं आम्ही बाहेरून गोळा केलं : जीएसटी पोर्टलवरची रिटर्न, बँकेचं स्टेटमेंट, पुरवठादारांकडून खरेदी बिलांच्या प्रती, कार्ड आणि यूपीआयच्या नोंदी. मेहनत आहे, पण होतं. एका किराणावाल्याचा क्लेम त्याच्या बायकोने वाचवला. तिने टॅलीचा (हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा) पेन ड्राइव्ह दर रविवारी घरी नेऊन तांदळाच्या डब्यामागे ठेवायची सवय लावून घेतली होती.

प्रीमियम किती बसतो?

एक आकडा सांगता येणार नाही. दर आगीच्या पॉलिसीच्या दरावर बेतलेला असतो. फटाक्याचं दुकान आणि भांड्याचं दुकान सारखं नाही, आणि कालावधीनुसारही तो बदलतो. वर १८ टक्के जीएसटी. नोंदणीकृत दुकानदाराला त्याचं क्रेडिट (स्वतःच्या जीएसटीतून वजावट) घेता येतं, कंपोझिशनवाल्याला (विक्रीवर ठोक दराने कर भरणाऱ्याला) नाही. दोन-तीन कंपन्यांचे दर मागवा, पण तुलना करताना रक्कम आणि महिने तेच ठेवा. नाहीतर स्वस्त दिसते ती फक्त तोकडी पॉलिसी असते.

घरूनच मसाले, लोणची करते. घराचा विमा पुरेल?

नाही. घराच्या विम्यात विक्रीचा माल येत नाही. तुमच्यासाठी सूक्ष्म उद्यमचीच छोटी पॉलिसी घ्या, पत्ता घराचा चालतो. मात्र तिथे धंदा चालतो हे अर्जात लिहा.

सरकारी मदत मिळतेच की. मग विमा कशाला?

२०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारने पंचनाम्यावरून दुकानदारांना ५० हजारांपर्यंत आणि टपरीवाल्यांना १० हजारांपर्यंत मदत जाहीर केली. टपरीला त्याचा खरा आधार झाला. वर्षाला ९६ लाख विकणाऱ्याला ५० हजारांत महिन्याचे पगारही पुरे होत नाहीत. पंचनामा मात्र करून घ्याच, तो विम्याच्या क्लेमलाही जोडता येतो. बँकेकडे कर्जाच्या फेररचनेचा अर्जही त्याच आठवड्यात द्या. नैसर्गिक आपत्तीत तशी सवलत देण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या सूचना आहेत, पण मागितल्याशिवाय कुणी देत नाही.

क्लेम नाकारला, किंवा फारच कापला. कुठे जाऊ?

आधी सर्व्हेअरच्या अहवालाची प्रत मागा. कुठे किती कापलं हे कळल्याशिवाय भांडण आंधळं असतं. मग कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी कळवा. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. आपल्या सांगली-कोल्हापूरकडच्यांना पुण्याचं कार्यालय. एकल मालकीचा धंदा आणि सूक्ष्म उद्योग तिथे जाऊ शकतात, ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांसाठी. फी नाही, वकील लागत नाही, निवाडा कंपनीवर बंधनकारक. कंपनीच्या अंतिम उत्तरापासून वर्षाच्या आत जा. उद्यम नोंदणीचं प्रमाणपत्र जवळ ठेवा, सूक्ष्म उद्योग असल्याचा तो सोपा पुरावा आहे.

तिसरी वाट ग्राहक आयोगाची. ‘तुमची पॉलिसी व्यापारी आहे, तुम्ही ग्राहक नाही’ असं पूर्वी कंपन्या तोंडावर सांगत. हरसोलिया मोटर्सच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं की नुकसान भरून निघावं म्हणून घेतलेला विमा हा नफा कमावण्याचा व्यवहार नाही, तेव्हा व्यापारीसुद्धा आयोगाकडे जाऊ शकतो.

कोयनेतून पाणी सोडलंय, पुलावर ३५ फूट झालंय. आज पॉलिसी काढून मिळेल?

दर पावसाळ्यात एक तरी फोन येतो. प्रीमियम कंपनीकडे जमा झाल्याशिवाय विमा सुरू होत नाही, आणि पाणी चढत असताना कोणतीही कंपनी नदीकाठचा अर्ज हातात धरत नाही. आज माल वरच्या मजल्यावर न्या, कॉम्प्युटर आणि वह्या घरी न्या, मीटरचा मेन स्विच बंद करा. पॉलिसीसाठी फेब्रुवारी-मार्चमध्ये या, हिशेब बंद करायला येताच तेव्हा.